साक्षीची दक्षिणा

गेल्या वर्षी पेडण्याच्या पुनवेस आम्ही सहकुटुंब गेलो होतो. देवीचे दर्शन आटोपून परतताना प्रथेप्रमाणे खाजे घ्यावे म्हणून एका दुकानापाशी थांबलो. गर्दी मोठी होती. गिऱ्हाईक मोबाइल काढी, दुकानाच्या खांबाला चिकटवलेल्या चौकोनी ठशासमोर धरी आणि पैसे गेले हे दाखविण्यासाठी त्याची काच दुकानदारापुढे करी. दुकानदार मात्र त्या काचेकडे ढुंकूनही पाहत नसे. तो कान देऊन ऐके. तराजूशेजारी ठेवलेली एक लहानशी पेटी 'शंभर रुपये प्राप्त झाले' असे मोठ्याने बोलली, म्हणजेच पुडी गिऱ्हाइकाच्या हाती पडे.

आम्ही विचारले, समोरचा मनुष्य मोबाइल दाखवीत असता तुम्ही तो पाहत का नाही? दुकानदार म्हणाला, "मोबायलार कितेंय दाखोवपाक येता, वकीलबाब. पेटी फट मारिना. तिचें भाडें हांव म्हयन्याक दितां."

हे उत्तर आमच्या मनात पुष्कळ दिवस घोळत राहिले. खाजे विकणारा एक, घेणारा दुसरा. दोघेही तालुक्यातलेच असतील, कदाचित एकाच देवीचे भक्त असतील. तथापि दोघांमध्ये एक तिसरा उभा राहिला आहे. तो खाजे करीत नाही, खात नाही. 'पैसे पोचले, हे खरे' एवढेच तो सांगतो आणि त्या सांगण्याचे मोल घेतो. दोन माणसांच्या व्यवहारात तिसऱ्याने खरेपणाची ग्वाही द्यावी आणि तीबद्दल पैसे घ्यावेत, हे नीतीला धरून आहे काय? पैसे घेऊन दिलेल्या साक्षीला साक्ष म्हणावे की सौदा? आमचा स्वतःचा चरितार्थ ह्याच प्रकारच्या कामावर चालत असल्यामुळे हा प्रश्न आम्हांस इतरांहून अधिक बोचतो.

आपल्या धर्मशास्त्रकारांनी ह्या प्रश्नाचा विचार केलेला आहे. याज्ञवल्क्याने लेख, भोगवटा व साक्षीदार अशी तीन मानवी प्रमाणे मानली. विष्णुधर्मसूत्राने लेखाचेही तीन भेद केले: राजाच्या अधिकाऱ्यांपुढे झालेला तो राजसाक्षिक, साक्षीदारांच्या हस्ताक्षरांचा तो ससाक्षिक आणि केवळ स्वहस्ते लिहिलेला तो असाक्षिक. आजच्या वकिलाला ही विभागणी मुळीच परकी वाटणार नाही. मनुस्मृतीने साक्षीला अपात्र माणसांची यादी देताना व्यवहारात ज्याचा अर्थसंबंध आहे अशाला आरंभीच वर्ज्य ठरविले. ज्याच्या पदरात काही पडावयाचे आहे त्याच्या शब्दाला वजन नाही, हा दंडक तेव्हापासूनचा आहे.

मराठी राज्यातही तोच संस्कार दिसतो. वतनाचा तंटा निघाला की गोत बसे, महजर होई, आणि त्यावर ज्याने त्याने आपापली निशाणी करावी. पाटलाने नांगर काढावा, इतरांनी आपापल्या व्यवसायाचे हत्यार काढावे. निवाडा झाल्यावर जिंकणाऱ्याकडून हरकी आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी घेतली जाई. म्हणजे न्यायाला पैसे पडत होते, परंतु ते सरकारात जात. निशाणी करणाऱ्या सुताराने वा कुंभाराने आपल्या निशाणीचा दर लावावा, अशी कल्पना त्या व्यवस्थेत बसत नव्हती. दानपत्रांच्या शिळांवर तर चंद्रसूर्यच कोरले जात. ते साक्षीदार कधीही फितूर होणारे नव्हते. त्यांच्यात उणे एवढेच की ते कचेरीत येऊन जबानी देत नाहीत.

मग माणसे देवाकडे गेली. दोघांत वाद पडला की एकाने म्हणावे, देवळात देवापुढे हात ठेवून सांग, मी मान्य करीन. ही रीत कायद्यानेही काही काळ मानली होती. ब्रिटिश हिंदुस्थानातील १८७३ च्या शपथ-कायद्यात अशा विशेष शपथेची सोय होती आणि मागणाऱ्या पक्षावर ती बंधनकारक होई. १९६९ च्या नव्या शपथ-कायद्यात ही सोय राहिली नाही. त्या साक्षीला फी नव्हती, भीती होती.

येथपर्यंतचा विचार पाहता कोणासही वाटेल की निकाल उघड आहे. पूर्वीची साक्ष निरपेक्ष होती, म्हणून शुद्ध होती; आजची साक्ष पैसे घेते, म्हणून अशुद्ध आहे. आमच्या मते हा निष्कर्ष घाईचा आहे. पूर्वीचा साक्षीदार खरोखर निरपेक्ष होता काय? त्याने काही घेतले नाही हे खरे. परंतु त्याने काही गहाण ठेवलेले असे. त्याला त्याच गावात राहावयाचे होते, त्याच विहिरीवर पाणी भरावयाचे होते, त्याच देवळात मान घ्यावयाचा होता. खोटी निशाणी केली तर ते सारे जाणार होते. त्याच्या शब्दाची किंमत त्याने घेतलेल्या वा न घेतलेल्या पैशाने ठरत नव्हती. खोटे बोलल्यास त्याचे काय बुडेल, ह्याने ठरत होती. आमच्या साऱ्या विवेचनाचा आधार हा भेद आहे, म्हणून तो वाचकांनी ध्यानात ठेवावा.

आता ते गाव पाहा. पेडणे व डिचोली हे आमचे महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांच्या नव्या काबिजादीत गेले. त्यांच्या अमलात नोटरी नावाचा अधिकारी पुढे आला. पक्षकारांनी त्याच्यापुढे यावे, त्याने त्यांचे म्हणणे स्वतःच्या सरकारी वहीत लिहून घ्यावे, वाचून दाखवावे, साक्षीदारांसह सह्या व्हाव्यात. मूळ लेख वहीतच राही, पक्षकाराला नक्कल मिळे. ह्या कामाची फी होती आणि ती सरकारने ठरविलेली होती. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाल्यावर येथे भारतीय कायदे आले, त्यांत १९५२ चा नोटरी-कायदाही आला. त्याच्या नियमांत फीचे कोष्टक आहे आणि नोंदवही ठेवण्याचे बंधन आहे. वारसा व मृत्युपत्रे ह्यांपुरती जुनी पद्धत मात्र टिकली. २०१२ साली विधानसभेने संमत केलेला आणि २०१६ च्या डिसेंबरात अमलात आलेला गोव्याचा वारसाविषयक कायदा आजही 'विशेष नोटरी' ह्या अधिकाऱ्याला मान्यता देतो. सारांश, पैसे घेऊन साक्ष देणारा तिसरा मनुष्य आम्हां गोमंतकीयांस नवा नाही. पिढ्यान् पिढ्या आम्ही त्याच्या वहीवर विसंबून आमच्या बागायती विकल्या आणि विकत घेतल्या.

ती वहीदेखील अभंग नाही, हे आम्हांस अलीकडे कळून चुकले. पोर्तुगीजकालीन दस्तऐवज बनावट करून, कित्येक ठिकाणी मयत वा परदेशस्थ मालकांच्या जमिनी हडप केल्याची प्रकरणे उघडकीस आली. तेव्हा २०२२ साली सरकारला विशेष तपास-पथक नेमावे लागले, आणि निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव ह्यांचा एकसदस्य आयोगही नेमला गेला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. पेडण्याच्या ज्या मोरडीवर काजूखेरीज काही नव्हते, तिचा भाव दूरच्या शहरांतील माणसे विचारू लागली. विकणारा लिस्बनला, घेणारा दिल्लीला, मुखत्यार म्हापशाला, आणि जमीन येथे! 'ही अमक्याची, आम्ही लहानपणापासून पाहतो' असे सांगणारा शेजारी ह्या साखळीत कोठेच येत नाही. त्याला कोणी विचारीत नाही. त्याच्या जागी कागद आला आणि आता कागदाच्या जागी संगणक येत आहे.

संगणकातील साक्ष कशी चालते हे थोडक्यात सांगतो, कारण ते कळल्यावाचून तिची नीती कळणार नाही. १९७६ साली डिफी व हेलमन ह्या दोन अमेरिकन संशोधकांनी अशी युक्ती प्रसिद्ध केली की एका मनुष्यापाशी दोन किल्ल्या असाव्यात. एक त्याने गुप्त ठेवावी, दुसरी जगाला वाटावी. गुप्त किल्लीने केलेली खूण उघड किल्लीने तपासता येते, मात्र उघड किल्लीवरून गुप्त किल्ली व्यवहारात काढता येत नाही. सहीचा प्रश्न सुटला असे वाटले. परंतु लगेच दुसरा उभा राहिला. ही उघड किल्ली अमक्याचीच, हे कोणी सांगावे? किल्लीवर नाव कोरलेले नसते. १९७८ साली लॉरेन कोनफेल्डर नावाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात सुचविले की एका विश्वासू तिसऱ्याने नाव व किल्ली ह्यांची गाठ घालून त्या गाठीवर आपली सही करावी. त्यालाच प्रमाणपत्र म्हणावे. आज बँकेचे संकेतस्थळ उघडताना जे लहान कुलूप दिसते त्याच्या मागे असा एक प्रमाणक उभा असतो.

आमच्याकडे २००० सालच्या माहिती-तंत्रज्ञान कायद्याने हे काम परवान्याखाली आणले. वर एक नियंत्रक, त्याच्याखाली परवानाधारक प्रमाणक संस्था. त्या संस्थेपाशी किमान पाच कोटींचे भरणा झालेले भांडवल व पन्नास कोटींची निव्वळ मत्ता असावी, असे त्याच वर्षीच्या नियमांनी ठरविले. म्हणजे गावाच्या जागी कायद्याने भांडवल ठेवले. पूर्वी साक्षीदार आपली अब्रू गहाण ठेवी, आता त्याने मत्ता दाखवावी. ही संस्था अर्जदाराचे ओळखपत्र पाहते, त्याची चित्रफीत घेते आणि फी घेऊन ठराविक मुदतीचे प्रमाणपत्र देते.

ह्या व्यवस्थेत एक जन्मजात दोष आहे. प्रमाणपत्राचे पैसे देतो तो, ज्याला ते हवे आहे. त्यावर विसंबतो तो दुसराच, आणि तो एक पैही देत नाही. त्यामुळे प्रमाणकाचे गिऱ्हाईक एक आणि त्याचा खरा धनी दुसरा, असा प्रकार होतो. 'नाही' म्हटले तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल, ही भीती 'नाही' म्हणणाऱ्या तोंडाला कुलूप घालते.

ह्याचे फळ काय होते ते हॉलंडात दिसले. तेथे डिजिनोटार नावाची प्रमाणक संस्था होती. तिचा जन्म नोटरींच्या व्यवसायातूनच झालेला, आणि डच सरकारचे कामकाजही तिच्या प्रमाणपत्रांवर चाले. २०११ च्या उन्हाळ्यात कोणी तिच्या यंत्रणेत शिरून पाचशेहून अधिक खोटी प्रमाणपत्रे काढली. त्यांतील गूगलच्या नावाचे एक प्रमाणपत्र वापरून इराणातील सुमारे तीन लाख लोकांच्या पत्रव्यवहारावर टेहळणी झाल्याचे पुढे तपासात दिसले. चोरी होणे हा अपघात म्हणता येईल. परंतु चोरी कळल्यावर संस्था गप्प राहिली, हा अपघात नव्हता. सत्य जगापुढे आल्यावर काही आठवड्यांतच, त्याच सप्टेंबरात, ती दिवाळखोर ठरली. दूर कशाला जावे? २०१४ च्या जुलैत आपल्याच सरकारच्या नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटरच्या प्रमाणक शाखेतून गूगलच्या नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघडकीस आले आणि नियंत्रकाला तिची मधली प्रमाणपत्रे रद्द करावी लागली. तेथे नफ्याचा लोभ होता असे म्हणता येणार नाही. म्हणून साक्षीदार खाजगी असला की लोभी आणि सरकारी असला की शुद्ध, ही समजूतही टिकत नाही.

दुसऱ्यांचे दोष सांगताना आमचा लपविणे बरे नव्हे. सनद मिळून आम्हांस वर्षही झाले नव्हते तेव्हाची गोष्ट आहे. प्रतिज्ञापत्रावर 'हा इसम माझ्या ओळखीचा आहे' अशी वकिलाची सही लागते. कचेरीबाहेरच्या टंकलेखकाने एका मनुष्यास आमच्यापुढे उभे केले. म्हणाला, डिचोलीकडचा आहे, बागायतीच्या विक्रीस आपली हरकत नाही एवढेच लिहून द्यायचे आहे. मनुष्य साधा दिसत होता. नाव त्याने सांगितले, ओळखपत्र घरी राहिले म्हणाला. आम्ही सही केली आणि पन्नास रुपये घेतले. काही वर्षांनी एक तारवटी आमच्या कचेरीत आला. बोटीवरून सुटीत आला होता. त्याने ते प्रतिज्ञापत्र टेबलावर ठेवले. त्यावर नाव त्याचे होते. आमच्यापुढे उभा राहिलेला होता तो त्याचा भाऊ. त्याने आरडाओरड केली नाही. शांतपणे एवढेच विचारले, "वकीलबाब, तुमी माका आयज पयलेच खेपे पळयतात, न्हय?"

पुढे दोघा भावांत तडजोड झाली. धाकट्याला मिळावयाच्या हिश्शाहून बरेच कमी मिळाले. आमच्यावर कोणी ठपका ठेवला नाही. असे सर्वच करतात, असे आमच्या ज्येष्ठांनी समजावले. पण तो प्रश्न गेला नाही. आम्ही त्या दिवशी काय केले होते? एक चेहरा पाहिला, एक नाव ऐकले आणि दोहोंची गाठ घालून खाली सही केली. प्रमाणक संस्थेचे काम तंतोतंत हेच आहे. आमची चूक पन्नास रुपये घेण्यात नव्हती. पन्नास रुपये तपासण्याच्या श्रमाचे होते. श्रम आम्ही केलेच नव्हते. त्या मनुष्याला विकला तो आमचा होकार. फुकट सही केली असती तर ती अधिक पवित्र झाली नसती. त्या तारवट्याचे नुकसान तेवढेच झाले असते.

ह्या अनुभवावरून आणि वर सांगितलेल्या भेदावरून साक्षीच्या दक्षिणेच्या चार कसोट्या आम्हांस सुचतात. पहिली, फी तपासणीची असावी, उत्तराची नव्हे. उत्तर 'नाही' आले तरी ती तेवढीच घेता आली पाहिजे. वैद्य रोग सापडला तरच पैसे घेईन म्हणू लागला तर सारा गाव रोगी ठरेल. दुसरी, फी श्रमाच्या मानाने असावी, व्यवहाराच्या रकमेच्या मानाने नसावी. लाखाची जमीन आणि कोटीची जमीन ह्यांच्या मालकाचा चेहरा पाहण्यास सारखाच वेळ लागतो. अधिक रकमेची जोखीम जो खरोखर पत्करतो, त्यानेच अधिक मागावे. तिसरी, साक्षीदाराचे काही गहाण असावे. खोटे निघाल्यास विसंबणाऱ्याची भरपाई करण्यास तो बांधलेला असावा, नुसता परवाना रद्द होणे पुरेसे नाही. चौथी, त्याची वही उघडी असावी आणि चूक झाल्यास त्याने ती स्वतः, तत्काळ सांगावी. डिजिनोटार ह्या चौथ्या कसोटीस उतरली नाही, आम्ही पहिल्या कसोटीस उतरलो नाही.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशास? ही सेवा फुकटच का असू नये? तसे प्रयोगही झाले आहेत. २०१५ पासून लेट्स एन्क्रिप्ट ही सेवा संकेतस्थळांना विनामूल्य प्रमाणपत्रे देत आली आहे. ती देणग्यांवर चालते. आपल्याकडे यूपीआयच्या व्यवहारांवर दुकानदाराकडून दलाली घ्यावयाची नाही, असे १ जानेवारी २०२० पासून ठरले. ह्याने गरीब दुकानदाराचे कल्याण झाले, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. परंतु खर्च नाहीसा झाला नाही, तो दुसरीकडे गेला. लहान दुकानदारांच्या अशा व्यवहारांस उत्तेजन म्हणून २०२४-२५ ह्या वर्षासाठी केंद्र सरकारने सुमारे १,५०० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. म्हणजे खाजेवाल्याची दलाली आपण सर्वांनी करातून दिली. देवळातील दिवा फुकट तेवतो असे भक्ताला वाटते, तेल मात्र कोणीतरी घातलेले असते. ते कोणी घातले हे ठाऊक असावे, एवढेच आमचे म्हणणे आहे. साक्षीदाराचा खर्च कोण चालवितो हे ज्याला ठाऊक नाही, त्याला साक्षीदार कोणाकडे झुकेल हेही कळणार नाही.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती सर्वांत महत्त्वाची. ही यंत्राची साक्ष नेमकी कशाची असते? कुलूप दिसले म्हणजे आत बसलेला सज्जन आहे, असे कित्येकांना वाटते. कुलूप एवढेच सांगते की तुमचे बोलणे ह्या नावाच्या दारापर्यंत वाटेत कोणी न ऐकता पोचते. दारामागचा ठकही असू शकतो, ठकालाही कुलूप मिळते. संगणकी सही एवढेच सांगते की अमक्याची किल्ली वापरली गेली. ती त्यानेच वापरली, समजून वापरली, राजीखुषीने वापरली, हे ती सांगत नाही. आमच्या पाहण्यातील कित्येक व्यापाऱ्यांच्या ह्या किल्ल्या त्यांच्या हिशेबनिसाच्या खणात रबरबँड लावून पडलेल्या असतात, आणि संकेतशब्द त्याच पुडक्यावर लिहिलेला असतो. किल्लीचा ताबा स्वतःपाशी राखण्याची वाजवी काळजी मालकाने घेतली पाहिजे, असे कायद्याचे ४२ वे कलम सांगते. पण आपण आपली सही खणात टाकून घरी जातो आणि विश्वास उडाला म्हणून यंत्राला बोल लावतो.

मृत्युपत्र आजही ह्या संगणकी कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलेले आहे, ह्यात आम्हांस शहाणपण दिसते. वृद्ध मनुष्य विशेष नोटरीसमोर बसतो. नोटरी त्याला विचारतो, वाचून दाखवितो, साक्षीदार ऐकतात. तेथे किल्लीची नव्हे, मनाची ओळख पटवायची असते. ते काम करणाऱ्याने फी घ्यावी, अवश्य घ्यावी. परंतु समोरच्याच्या डोळ्यांत पाहिल्याशिवाय घेऊ नये.

आमचे बहुतेक वाचक कोणत्या ना कोणत्या देवस्थानाचे महाजन आहेत, म्हणून दोन शब्द घरचे. देवळांत पूर्वापार शहाणी माणसे फंडपेटीला एकाहून अधिक कुलपे लावीत आली आहेत आणि ती चारचौघांत उघडीत आली आहेत. कोणावर संशय होता म्हणून नव्हे; कोणावर संशय येऊ नये म्हणून. आता पेटीशेजारी चौकोनी ठसा लागला आहे. तो देवस्थानाच्याच खात्याचा आहे काय, त्यावर रातोरात कोणी दुसरा चिकटविला नाही ना, हे पाहण्याचे काम कोणाचे, ते समितीने ठरविले आहे काय? समितीच्या संगणकी सहीची किल्ली कोणापाशी असते? खाते चालविण्यास दोघांची संमती लागते की एकाची? जुन्या कुलपांचा धर्म नव्या किल्ल्यांनाही लागू आहे. तो पाळण्यास कोणा कंपनीला फी द्यावी लागत नाही.

सप्तकोटेश्वराच्या देवळाची नार्वे येथे छत्रपती शिवाजी महाराजांनी पुनःस्थापना केली, त्याचा १६६८ सालचा शिलालेख दारावर आहे. तो लेख वाचण्यास पैसे पडत नाहीत आणि साडेतीनशे वर्षांत त्याने आपली जबानी बदललेली नाही. परंतु प्रत्येक व्यवहार दगडावर कोरता येत नाही. कोरणाऱ्यासही त्या दिवशीची मजुरी कोणीतरी दिलीच असेल. त्या मजुरीने लेख खोटा झाला नाही. कोरणाऱ्याने स्वतःच्या मनाचे काही कोरले असते, तर तो खोटा झाला असता.

खाजेवाल्याची पेटी भाडे घेते, ह्यात आम्हांस आता काही गैर वाटत नाही. ती भाडे घेते ते ऐकून सांगण्याचे, आणि पैसे आले नसतील तर ती गप्प राहते. पैसे घेऊनही गप्प राहता येणे, हे साक्षीदाराचे शील आहे. आम्ही आजही ओळखीची सही करतो आणि तिचे पैसे घेतो. मात्र ओळखपत्र घरी राहिले असे कोणी म्हणाला की आम्ही त्याला घरी पाठवितो. तो रागावतो, दुसऱ्या वकिलाकडे जातो, आणि बहुधा त्याचे काम तेथे होते. आमचे पन्नास रुपये बुडतात. त्या तारवट्याचे आम्ही जे बुडविले, त्याच्या मानाने हे काहीच नव्हे.